तलवार, गुंडाळी आणि कातळावरचा हत्ती

आम्ही आयर्लंडमध्ये वॉटरफोर्डला राहतो असं सांगितलं की भारतातल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ते काचेच्या भांड्यांचं ना?" हो, तेच! १७८३ साली इथे काचेचा कारखाना सुरू झाला आणि गावाचं नाव जगभरच्या शोकेसमध्ये जाऊन बसलं. इथे आल्यावर पहिली काही वर्षं माझीही ओळख काचेपलीकडे गेली नव्हती. नोकरी, मुलाची शाळा, शनिवारची खरेदी, आणि उरलेल्या वेळात पाऊस! गावाच्या मधोमध उभ्या असलेल्या गोल दगडी बुरुजासमोरून मी रोज जात होते, पण तो कोणी बांधला हे विचारायला मला कधी सवड झाली नाही.

ती सवड मिळाली २०२३ च्या उन्हाळ्यात, माझे बाबा तीन महिने राहायला आले तेव्हा. बाबा राजापूर तालुक्यातले. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शबनम पिशवीत वही आणि दोन पेन्सिली असतातच. आल्याच्या तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मॉल दाखवू नकोस. गावात सगळ्यात जुनं काय आहे ते दाखव."

गंमत म्हणजे इथल्या मुख्य रस्त्याचं नावच 'द मॉल' आहे! पण तो विनोद बाजूला ठेवून आमचे चिरंजीव (तेव्हा वय वर्षं दहा) पुढे झाले. शाळेत त्यांना वायकिंग शिकवून झाले होते. "आजोबा, मी तुम्हाला आमची तलवार दाखवतो."

'आमची' हा शब्द बाबांनी ऐकला. मीही ऐकला. दोघंही काही बोललो नाही.

तेवीस मीटरची तलवार

वॉटरफोर्डच्या जुन्या भागाला आता 'वायकिंग त्रिकोण' म्हणतात. त्यातल्या बेलीज न्यू स्ट्रीट नावाच्या छोट्या रस्त्यावर एक लाकडी तलवार आहे. लांबी २३ मीटर, म्हणजे दोन एसटी बस एकामागे एक लावल्या तरी थोडी उरेल. डग्लस फर जातीच्या एका अख्ख्या झाडातून ती कोरली आहे, आणि पात्यावर वायकिंग काळातल्या वॉटरफोर्डची गोष्ट आकृत्यांमधून सांगितली आहे. जॉन हेज या शिल्पकाराने ती २०१७ साली घडवली.

बाबांनी चष्मा पुसला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

"हे कधीचं म्हणालास?"

"दोन हजार सतरा."

"म्हणजे माझ्या चष्म्यापेक्षा नवं! मी जुनं काय ते विचारलं होतं रे."

चिरंजीवांचा चेहरा उतरला. मलाही जरा वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर बाबांचा मुद्दा मला पटला होता. आजच्या माणसाने आज कोरलेलं लाकूड हजार वर्षांपूर्वीचा इतिहास कसा काय होईल? वायकिंगांच्या खऱ्या तलवारी लोखंडाच्या आणि जेमतेम हाताएवढ्या लांब. डग्लस फर हे झाड तर मूळ उत्तर अमेरिकेचं. वायकिंग वॉटरफोर्डमध्ये ते कोणी पाहिलेलंही नसणार. पर्यटकांनी फोटो काढावेत म्हणून केलेला हा देखावा, असं म्हणून आम्ही तिथून निघालो आणि रस्त्याच्या टोकाला असलेल्या बुरुजात शिरलो.

रस्ता वळला

त्या बुरुजाचं नाव रेजिनाल्ड्स टॉवर. रॅगनल हे वायकिंग नाव इंग्रजीत रेजिनाल्ड झालं. आज दिसणारं दगडी बांधकाम तेराव्या शतकातलं आहे आणि वरचे मजले नंतरचे. टांकसाळ, दारूगोळ्याचं कोठार, तुरुंग अशी सगळी कामं या बुरुजाने केली. आता त्यात वायकिंगांचं संग्रहालय आहे. ९१४ साली वायकिंगांनी इथे कायमचा तळ ठोकला आणि त्यातून आयर्लंडमधलं सर्वांत जुनं शहर उभं राहिलं. वॉटरफोर्ड हे नावही त्यांचंच आहे. त्याचा अर्थ कोणी 'मेंढ्यांची खाडी' असा लावतात, तर कोणी 'वाऱ्याची खाडी' असा. इथला वारा खाल्लेल्या माणसाला दुसरा अर्थ लगेच पटतो!

पण बाबा अडले ते एका काचेच्या पेटीपाशी. तलवार, भाला, कुऱ्हाड आणि ढालीच्या मध्यावर बसवतात ती लोखंडी वाटी. सगळं गंजून काळं पडलेलं. ही शस्त्रं सापडली ती एका योद्ध्याच्या थडग्यात, गावापासून काही किलोमीटर वर, शुअर नदीच्या काठी वूडस्टाउन नावाच्या जागी. इथली माती आम्ल, त्यामुळे योद्ध्याची हाडं विरघळून गेली आणि शस्त्रं तेवढी उरली.

वूडस्टाउनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २००३ साली वॉटरफोर्डचा बाह्यवळण रस्ता व्हायचा होता. रस्त्याआधी जमीन तपासायची पद्धत आहे, म्हणून पुरातत्त्वज्ञांनी शेतात चर खणले, आणि नवव्या शतकातली वायकिंगांची वसाहत समोर आली, म्हणजे वॉटरफोर्ड शहराच्याही आधीची! पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या: जहाजांचे खिळे, तोडलेल्या चांदीचे तुकडे आणि शिशाची दोनशेहून अधिक वजनं. वजनं कशाला, तर चांदी तोलून व्यापार करायला. लुटारू म्हणून शाळेत शिकलेले वायकिंग तराजू घेऊन बसलेले सापडले.

मग वाद सुरू झाला. गावाला रस्ता हवा होता, पुलावर रोज तासन्‌तास गाड्या अडकत होत्या. दुसरीकडे ही जागा पुन्हा कुठे मिळणार होती? अखेर २००५ मध्ये वूडस्टाउनला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि रस्त्याची आखणी बदलली. रस्ता झालाच, २००९ मध्ये शुअर नदीवरच्या मोठ्या नव्या पुलासह तो सुरूही झाला. फक्त तो थोडा वळून गेला.

हे सगळं मी बाबांना सांगत होते, आणि बाबा ऐकता ऐकता गप्प झाले.

आपल्यापैकी कोकणातल्या मंडळींना त्यांचं गप्प होणं कळेल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पं आहेत. हत्ती, वाघ, मासे, माणसं, आणि ज्यांचा अर्थ लागत नाही अशा चौकटी आणि नक्ष्या. अभ्यासक ती मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. गावातल्या माणसांना ती ठाऊक होतीच. कोणी म्हणायचं पांडवांनी एका रात्रीत कोरली. लहानपणी गुरं घेऊन सड्यावर गेलं की बाबा त्या रेघांवरून उड्या मारत. पुढे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायी पालथे घातले, गावकऱ्यांना विचारत विचारत शेकडो चित्रं नोंदवली. २०२२ मध्ये त्यातली निवडक ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात राजापूर तालुक्यातलं कशेळी आहे, बारसूही आहे. आणि बारसूच्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव होता. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा मोठं आंदोलन झालं. बाबा विमानात बसले ते हे सगळं मागे ठेवून.

"आजोबा, तुमच्याकडे पण रस्ता वळवला का?" नातवाने विचारलं.

"तुमच्याकडे रस्ता होता. आमच्याकडे कारखान्याचं आहे," बाबा म्हणाले. "पोरांना कामधंदा हवाच रे. गावात राहतंय कोण? पण ती चित्रं काही उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. आणि गंमत बघ, मी चाळीस वर्षं चित्रकला शिकवली. पोरांना अजिंठा काढायला लावला, वेरूळ काढायला लावलं. सड्यावरचं एक चित्र कधी काढून घेतलं नाही. मलाच ते चित्र वाटलं नव्हतं."

चार मीटरचा महजर

त्यानंतर बाबांना वॉटरफोर्डचा नाद लागला. पुढच्या आठवड्यात आम्ही २०१३ साली उघडलेल्या मध्ययुगीन संग्रहालयात गेलो. तिथे चामड्याची एक लांबलचक गुंडाळी आहे, 'ग्रेट चार्टर रोल' नावाची. साल १३७३, लांबी सुमारे चार मीटर. जुन्या राजांनी शहराला दिलेल्या सनदा एकापुढे एक शिवल्या आहेत, आणि मध्ये मध्ये रंगीत चित्रं. दुसरा हेन्री, जॉन, तिसरा हेन्री, तिन्ही एडवर्ड असे राजे, आणि डब्लिन, वॉटरफोर्ड, कॉर्क, लिमरिकचे नगराध्यक्षसुद्धा.

हे कशासाठी केलं असेल? भांडणासाठी! खाडीतून आत येणाऱ्या जहाजांनी माल वॉटरफोर्डलाच उतरवायचा, असा या शहराचा हक्क. पण वर बॅरो नदीवर न्यू रॉस नावाचं नवं बंदर उभं राहिलं आणि जहाजं तिकडे जाऊ लागली. शहराच्या कारभाऱ्यांनी मग राजा तिसरा एडवर्ड याच्यापुढे मांडायला ही गुंडाळी तयार करवली. बघा महाराज, तुमच्या वाडवडिलांनी आम्हाला काय काय दिलं होतं, आणि हे त्यांचे चेहरे!

बाबा एकदम खूश. "अरे, हा तर महजर!" वतनाच्या तंट्यात आपल्याकडे गोतसभा बसे, जुनी कागदपत्रं आणि म्हाताऱ्यांच्या साक्षी काढून पिढ्यांचा हक्क लिहून घेत, तो महजर. इथल्या लोकांनी आपल्या महजराला चित्रं जोडली एवढंच.

पण त्या चित्रकाराचा विचार करा. त्याच्या काळी दुसऱ्या हेन्रीला जाऊन दोनशे वर्षं होत आली होती. त्याने तो राजा पाहिला नव्हता. तरी सिंहासनावर बसवून, रंग भरून, डोळे काढून त्याने तो उभा केला, कारण त्याच्या शहराला त्या राजाची त्या वर्षी गरज होती. तीही त्या वेळी 'दोन हजार सतराची तलवार'च होती. साडेसहाशे वर्षं गेली, म्हणून आज ती काचेच्या पेटीत आहे.

मोडक्या तारांची वीणा

मग एकदा डब्लिनला गेलो असताना नॅशनल गॅलरीत एक प्रचंड चित्र पाहिलं. सुमारे तीन मीटर उंच, पाच मीटर रुंद. डॅनियल मॅक्लिस या कॉर्कमध्ये जन्मलेल्या चित्रकाराने १८५४ साली रंगवलेलं, 'स्ट्राँगबो आणि ईफाचं लग्न'. प्रसंग आमच्याच गावचा. लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याने आपलं गेलेलं राज्य परत मिळवायला परक्यांची मदत मागितली. ऑगस्ट ११७० मध्ये स्ट्राँगबो हा नॉर्मन सरदार फौज घेऊन आला, त्याने वॉटरफोर्ड जिंकलं आणि ठरल्याप्रमाणे डर्मटच्या मुलीशी, ईफाशी, लग्न केलं. इंग्रजांची सत्ता आयर्लंडमध्ये आली ती या वाटेने. (जाता जाता: न्यू रॉसचं बंदर वसवलं ते याच जोडप्याच्या जावयाने! लेक-जावयाचं बंदर पुढे माहेरच्या गावाच्या मुळावर उठलं.)

लग्नाचं चित्र म्हणावं तर मंगल असं त्यात काही नाही. जिंकलेल्या शहराचे पडके तट, समोर प्रेतांचा खच, मान खाली घातलेली नवरी, आणि कोपऱ्यात म्हातारा वादक. त्याच्या हार्पच्या तारा तुटलेल्या. आता ११७० मध्ये लग्न काही प्रेतांमध्ये उभं राहून लागलं नसणार. पण मॅक्लिसने हे रंगवलं तेव्हा आयर्लंडचा महादुष्काळ संपून थोडीच वर्षं झाली होती. लाखो माणसं उपाशी मेली होती, लाखो जहाजांत बसून देश सोडून गेली होती. त्या देशाच्या चित्रकाराला सातशे वर्षांपूर्वीचं लग्न कसं दिसणार?

बाबा त्या चित्रासमोरच्या बाकावर अर्धा तास बसून होते. उठताना म्हणाले, "परवाच्या तलवारीकडे पुन्हा एकदा जाऊ या."

पुन्हा तलवार

या वेळी त्यांनी वही काढली. पात्यावरची एकेक आकृती बघत, मधूनच लाकडावरून हात फिरवत, दोन तास. आमचे चिरंजीव शेजारी उभे राहून प्रत्येक आकृतीबद्दल शाळेत शिकलेलं, न शिकलेलं सगळं सांगत होते. पाऊस आला तेव्हा मी छत्री धरली.

"खरी तलवार लोखंडाची होती," मी म्हटलं. "याने लाकूड का घेतलं असेल?"

"लोखंडावर एवढी माणसं कोरणार कशी? त्याला गोष्ट सांगायची होती, लढायला जायचं नव्हतं," बाबा म्हणाले. "आणि झाड बघ केवढं. मोठं व्हायलाच किती वर्षं घेतली असतील. उघड्यावर आहे, तडे जाणार, कधीतरी कुजणार. मग पुढचा कोणीतरी दुसरी करील. त्याला वेगळंच काही सांगावंसं वाटेल."

मला वाटतं, इतकी वर्षं इथे राहून मला न कळलेली गोष्ट बाबांना तीन आठवड्यांत कळली. या गावाने आपला भूतकाळ नुसता जपून ठेवलेला नाही. १३७३ मध्ये, १८५४ मध्ये, २०१७ मध्ये, दर वेळी कोणीतरी तो नव्याने हातात घेतला आणि आपल्या काळच्या गरजेप्रमाणे घडवला. वूडस्टाउनची जागा वाचवायला रस्ता वळवावा लागला हे खरंच. पण काचेपलीकडची गंजकी तलवार एका दहा वर्षांच्या मुलाला 'आमची' वाटली ती जॉन हेज यांच्या लाकडी तलवारीमुळे. जागा वाचवणं आणि ती पुन्हा घडवणं, दोन्ही लागतं. आपल्याकडे दिवाळीत मुलं मातीचे किल्ले करतात ते काय वेगळं आहे? त्या किल्ल्यावर महाराजांच्या शेजारी प्लास्टिकचा रणगाडाही उभा असतो आणि कोणाचं काही बिघडत नाही.

अंगणातला हत्ती

जुलैत एका रविवारी दुपारी पाऊस थांबला तेव्हा आजोबा आणि नातू खडूंचा डबा घेऊन मागच्या अंगणात गेले. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात इतर किती तरी प्राणी आणि मासे. आमचं अंगण तेवढं कुठलं! बाबांनी हिशेब केला: एका मीटरला एक वीत. फरशीवर हत्ती उतरला. चिरंजीव शेपटीकडून, बाबा सोंडेकडून.

अर्ध्या तासात सर आली आणि हत्ती वाहून गेला. नातू रडवेला. बाबा म्हणाले, "सड्यावर पण एवढाच पाऊस पडतो. चल, पुन्हा काढू."

तिसऱ्या रविवारी चिरंजीवांनी हत्ती एकट्याने काढला. मी चहा घेऊन गेले तर हत्तीच्या पोटात, माशांच्या शेजारी, एक वायकिंग जहाज! शीड, वल्ही, पुढे नागमोडी मान. माझ्या पोटात धस्स झालं, आता बाबा काय म्हणतात! लेकरू परदेशात वाढतंय, त्याच्या हातून आपल्या चित्रात हे असं काही येणार, ही भीती आपण सगळेच घेऊन जगतो.

बाबांनी बराच वेळ चित्राकडे बघितलं. मग म्हणाले, "जहाज जरा पाठीकडे घे. पोटात गर्दी झाली."

ऑगस्टमध्ये बाबा परत गेले. गावच्या शाळेत ते आता दर शनिवारी पोरांना सड्यावर नेतात आणि तिथली चित्रं वहीत काढायला लावतात. कोणी सांगितलं नव्हतं, पगारही नाही. फोनवर नातू विचारतो, "आजोबा, हत्ती आहे ना?" आजोबा म्हणतात, "आहे. काल बघून आलो."

मंडळी, कधी वॉटरफोर्डला आलात तर काचेचा कारखाना बघाच. पण बुरुज, गुंडाळी आणि लाकडी तलवारही बघा. पायी दहा मिनिटांच्या आत सगळं आहे. मुलांना बरोबर आणा. आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घरातल्या थोरल्या माणसाला विचारा, आपल्या गावात सगळ्यात जुनं काय आहे? देवळामागचा वीरगळ असेल, पार असेल, विहीर असेल. ते मुलांना नुसतं दाखवू नका. कागद-पेन्सिल देऊन काढायला लावा. मध्येच त्यांनी एखादं जहाज काढलं, तर खुशाल काढू द्या.